पट्टी आणि पान : कॉलरविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पुरुषांच्या पोशाखाविषयी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे शर्टाच्या कॉलरविषयी आहेत, त्यामुळे हे सदर या वेळी तिच्यासाठीच राखून ठेवले आहे. उत्तरांमध्ये दोन शब्द वारंवार येतील, ते आधी स्पष्ट करतो. शर्टाच्या नेहमीच्या कॉलरचे दोन भाग असतात. मानेला लागून उभी राहते आणि जिला गळ्याचे बटण असते ती पट्टी. शिंपी तिला बँड म्हणतात. त्या पट्टीवरून बाहेरच्या बाजूला दुमडून खाली येते ते पान. दुकानात आपले लक्ष पानाकडे असते, कारण फॅशन पानाची बदलते. कॉलर बसते किंवा बिघडते ती मात्र बहुतेक वेळा पट्टीमुळे, असा कापणीच्या टेबलाशी काढलेल्या वर्षांचा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत व्यवस्थापक आहे. टाय लावत नाही. बैठक असेल त्या दिवशी शर्टावर ब्लेझर घालतो. सकाळी कडक इस्त्री केलेली कॉलर दुपारपर्यंत कोलमडते आणि तिचे एक टोक ब्लेझरच्या आत तर दुसरे बाहेर राहते. मुद्दाम जाड कॉलरचे शर्ट घेऊन पाहिले, तरी फरक पडला नाही. काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण जाड घेतले ते पान, पट्टी तशीच मऊ राहिली असावी. पान जड आणि पट्टी दुबळी असली की कॉलर उलट अधिक लवकर पडते.

आज ज्याला आपण फॉर्मल शर्ट म्हणतो त्याची कॉलर मुळात टायसाठी बेतलेली आहे. टाय पट्टीभोवती फिरतो, पान आणि पट्टी यांच्यामधली पोकळी भरून काढतो, आणि त्याची गाठ दोन्ही बाजूंना आपापल्या जागी ठेवते. टाय गेला आणि गळ्याचे बटण उघडे राहिले की हा सगळा आधार निघून जातो. पट्टीची दोन्ही टोके बाहेर फाकतात आणि पान त्यांच्यावर ओझ्यासारखे लटकते. म्हणून टायशिवाय घालायच्या शर्टाची पट्टी मागे साधारण ३.५ ते ४ सेंटिमीटर उंच आणि पुढच्या टोकांपर्यंत चांगल्या कॅनव्हासने भरलेली असावी. शर्ट हातात घेऊन गळ्याचे बटण उघडे ठेवा आणि पट्टीचे पुढचे टोक बोटाने हलकेच वाकवून सोडा. ते लगेच सरळ झाले तर शर्ट घ्यावा, वाकलेलेच राहिले तर परत ठेवावा.

दुसरी गोष्ट बटणांच्या अंतराची. गळ्याचे बटण आणि त्याखालचे पहिले बटण यांच्यात ८-९ सेंटिमीटर अंतर असेल, तर गळा खोलवर उघडतो आणि कॉलर दोन्हीकडे झुकते. शिवून घेत असाल तर शिंप्याला हे अंतर ६ ते ७ सेंटिमीटर ठेवायला सांगावे. पानाची टोके ७ सेंटिमीटरपेक्षा आखूड नसावीत, कारण आखूड टोके ब्लेझरच्या गळ्याखाली टिकत नाहीत. टोकांमध्ये सरकवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या टोके सरळ ठेवण्यापुरत्या उपयोगी आहेत, पण पडलेली पट्टी त्या उभी करू शकत नाहीत, आणि धुण्यापूर्वी त्या काढल्या नाहीत तर कापडावर त्यांचा कायमचा वळ उठतो.

एवढे करण्याचा कंटाळा असेल, तर टोके बटणांनी शर्टाला जोडलेली बटण-डाउन कॉलर घ्यावी. न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्स या पेढीने ती १८९६ च्या सुमारास विकायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये पोलो खेळणारे लोक वाऱ्याने कॉलर तोंडावर उडू नये म्हणून तिची टोके बटणांनी अडकवतात, हे पेढीच्या जॉन ब्रूक्स यांनी पाहिले, अशी तिची जन्मकथा सांगितली जाते. मात्र या कॉलरीचे पान बटणापर्यंत सपाट ताणलेले नसावे. त्याला मधोमध थोडा फुगीर बाक हवा. तो बाक नसलेली बटण-डाउन कॉलर खिळे ठोकून बसवल्यासारखी दिसते, आणि दुर्दैवाने बाजारात अशाच अधिक मिळतात.

प्रश्न : मला ४० नंबरचा शर्ट छातीला नीट बसतो, पण गळ्याचे बटण लावले की जीव घुसमटतो. ४२ घेतला तर अंगात पोत्यासारखा होतो. माझी छाती ४० इंच आहे, मग ४० नंबर चुकतो कसा? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अनेक तयार फॉर्मल शर्टांवर छापलेला ३९, ४०, ४२ हा आकडा गळ्याचा आणि सेंटिमीटरमधला असतो, तो छातीचा इंचांतला आकडा आहे असा समज फार पसरलेला आहे. आपल्या ४० नंबरच्या शर्टाचा गळा म्हणजे सुमारे पावणेसोळा इंच. काही कंपन्या छातीचे मापही छापतात, म्हणून लेबल पूर्ण वाचावे, आणि खात्री करायची असेल तर शर्ट सपाट पसरून बटणाच्या मध्यापासून काजाच्या दूरच्या टोकापर्यंत पट्टी मोजावी. स्वतःचा गळा मोजताना टेप कंठमण्याच्या किंचित खाली धरून त्यात दोन बोटे सहज शिरतील एवढी ढील ठेवावी. सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटते, त्यासाठी आणखी अर्धा ते एक सेंटिमीटर जमेस धरावा.

घरात असलेल्या शर्टाचे गळ्याचे बटण पट्टीच्या टोकाकडे सरकवून अर्धा सेंटिमीटर मिळू शकतो. त्याहून अधिक सरकवले तर पानाची दोन टोके पुढे समान अंतरावर राहत नाहीत. यापुढे ४२ घेऊन बाजूच्या शिवणी आत घ्याव्यात. शर्टाची कंबर आत घेणे सोपे आहे. गळा वाढवायचा तर नवीन पट्टीच शिवावी लागते.

प्रश्न : माझा चेहरा गोल आणि मान आखूड आहे. भावाच्या लग्नासाठी शर्ट घेताना दुकानदाराने दोन्ही बाजूंना खूप फाकलेली कॉलर सुचवली आणि सध्या तीच चालते असे सांगितले. मला ती शोभेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : चेहऱ्याच्या आकारावरून कॉलर सांगणारे तक्ते सर्वत्र मिळतात आणि त्यांत तथ्यही थोडेफार असते, पण मी आधी मान पाहतो. आखूड मानेवर उंच पट्टी आली की हनुवटी थेट कॉलरवर टेकल्यासारखी दिसते. तेव्हा आपण पट्टी मागे ३ सेंटिमीटरच्या आसपास उंचीची आणि पान खाली उतरणाऱ्या, थोड्या लांब टोकांचे घ्यावे. टोके खाली जात असली की पाहणाऱ्याची नजरही खाली जाते आणि मान मोकळी वाटते. फाकलेल्या कॉलरीची रेषा आडवी जाते आणि रुंद चेहरा आणखी रुंद दिसतो. ती बारीक, लांब मानेवर उत्तम दिसते. दुकानदाराच्या भावाला कदाचित शोभत असेल.

लग्नात टाय लावणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहावी. पानाच्या दोन टोकांमधली जागा गाठीने भरली पाहिजे. फाकलेल्या कॉलरीला मोठी गाठ आणि अरुंद कॉलरीला लहान. मोठ्या गाठीला विंडसर गाठ म्हणतात, पण ज्या ड्यूक ऑफ विंडसर यांच्यावरून हे नाव पडले ते स्वतः साधीच गाठ बांधत. त्यांच्या टायचे अस्तर जाड असल्यामुळे ती मोठी दिसे. आपल्याला साधी गाठ पुरेशी आहे.

प्रश्न : वडिलांचे १९७० च्या दशकातील चार टेरिकॉटचे शर्ट आईने जपून ठेवले होते. कापड अजून उत्तम आहे आणि ते मला अंगातही बसतात, पण कॉलरी इतक्या लांब आहेत की मुले हसतात. त्या लहान करता येतील का? एका शर्टाची कॉलर दुमडीवर थोडी विरलीही आहे. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : करता येतील, आणि कॉलरीत करायच्या बदलांपैकी हा सर्वांत यशस्वी होणारा बदल आहे, कारण यात कापड कमी करायचे असते, वाढवायचे नसते. त्या दशकात पानाची टोके १० सेंटिमीटर आणि कधी त्याहूनही लांब असत. आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती कोटाच्या बाहेर पंखांसारखी पसरलेली दिसतात.

शिंप्याला नेमके काय सांगायचे ते लिहितो, कारण घाईचा कारागीर टोक वरूनच कापून त्याला टीप मारून देतो आणि कॉलर कायमची वाया जाते. पट्टी शर्टापासून उसवायची नाही. फक्त पान पट्टीपासून सोडवायचे, ते आतून उलटे करायचे, जुना बकरम कडक किंवा पिवळा झाला असेल तर काढून नवा घालायचा, कागदावर नव्या टोकांचा आकार काढून तो दोन्ही बाजूंना सारखा उतरवायचा, शिवण मारून जादा कापड छाटायचे आणि मग पान सरळ करून पुन्हा पट्टीत बसवायचे. टोके ७.५ सेंटिमीटरपर्यंत आणावीत. त्याहून आखूड केली तर त्या शर्टांचे रुंद खांदे आणि मोठे खिसे विसंगत दिसू लागतील.

कापायचे ते पुढे. मानेमागे पान पट्टीपेक्षा किमान एक सेंटिमीटर खाली उतरले पाहिजे, नाहीतर पट्टीची शिवण मागून डोकावते. म्हणून मागच्या बाजूची उंची आहे तशीच ठेवावी आणि नवी कड तिथून हळूहळू पुढच्या टोकांकडे न्यावी. टेरिकॉटमध्ये सुईची जुनी भोके सहज बुजत नाहीत, तेव्हा बाहेरची जुनी टीप जिथे कायम राहणार आहे तिथे नवी टीप तिच्याच रेषेवर पडली पाहिजे. इस्त्री मध्यम तापलेली आणि मध्ये ओलसर सुती फडके, एवढी काळजी पुरे.

विरलेल्या कॉलरीसाठी जुना उपाय आहे, तो म्हणजे कॉलर उलटवून घेणे. वर्षाकाठी दोनच शर्ट शिवले जात त्या काळात हे काम प्रत्येक शिंप्याकडे येत असे. दाढीच्या खुंटांनी आणि घामाने पान दुमडीवर झिजते, पण वरच्या बाजूनेच. आतली बाजू नवीकोरी असते. पान सोडवून उलटे करायचे आणि पुन्हा पट्टीत शिवायचे की झिजलेली बाजू मानेकडे जाते. आपल्याला पान सोडवायचेच आहे, तेव्हा दोन्ही कामे एकाच मजुरीत होतील. मात्र त्याआधी पानाची खालची बाजू पाहून घ्यावी. प्लास्टिकच्या पट्ट्यांसाठी तिथे खाचा असतील तर उलटवल्यावर त्या वर येतात. काही शर्टांत खालचे कापड तिरके कापलेले किंवा मधोमध जोडलेले असते, आणि ते चौकड्यांच्या शर्टात लगेच ओळखू येते. बटण-डाउन कॉलरीची काजे आरपार असल्याने तिला ही अडचण येत नाही.

विचारलेले नाही, तरी सांगतो : चारपैकी एक शर्ट मुळीच बदलू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात शर्ट स्वच्छ असतो आणि फक्त कॉलर मळते. मग कॉलर सुटी का मिळत नाही? — एक वाचक, ठाणे

उत्तर : मिळत असे, आणि तिच्यामागचे कारण अगदी आपलेच होते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय या गावी १८२७ च्या सुमारास हॅना माँटेग्यू या गृहिणीने, केवळ कॉलरीसाठी नवऱ्याचे पूर्ण शर्ट धुण्याला कंटाळून, कॉलर कापून वेगळी केली, ती धुतली आणि पुन्हा शिवून लावली, असे सांगतात. पुढे सुट्या कॉलरी पुढून-मागून गुंडीने अडकवल्या जाऊ लागल्या, आणि त्यांच्या कारखान्यांमुळे ट्रॉयला कॉलर सिटी हे नावच पडले. त्या धुऊन, खळ घालून, तापलेल्या इस्त्रीने कडक करणाऱ्या स्त्रियांनी १८६४ मध्ये केट मुलॅनी यांच्या पुढाकाराने आपली संघटना उभी करून मजुरी वाढवून घेतली. कॉलरीची टापटीप त्या बायकांच्या भाजलेल्या हातांवर उभी होती, हे मला या सगळ्या इतिहासात अधिक महत्त्वाचे वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर मऊ, जोडलेल्या कॉलरीची सवय लागली, घरोघरी धुणेही सोपे होत गेले आणि सुटी कॉलर मागे पडली. आपण गडद रंगाचा शर्ट घेतला तर मळ दिसत नाही, पण तो असतोच. त्यापेक्षा घरी आल्यावर लगेच कॉलरीच्या आतल्या बाजूला साबण लावून ठेवणे बरे.

प्रश्न : मी नुकतीच वकिली सुरू केली आहे. पांढऱ्या शर्टाची कॉलर कोणती असावी यावर ज्येष्ठांची मते वेगवेगळी आहेत. उन्हाळ्यात कोट नसला तर चालतो का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पुरुष वकिलांसाठी दोन पर्याय आहेत. बंद गळ्याचा काळा कोट, चपकन, अचकन किंवा काळी शेरवानी यांवर पांढरे बँड्स आणि गाऊन. किंवा खुल्या गळ्याचा काळा कोट, पांढरा शर्ट, कडक किंवा मऊ पांढरी कॉलर, बँड्स आणि गाऊन. म्हणजे कॉलर पांढरी हवी आणि ती कडक की मऊ हे आपल्यावर सोडले आहे. सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये वगळता उन्हाळ्यात काळा कोट बंधनकारक नाही, अशीही नियमांत तरतूद आहे. हे बँड्स म्हणजे गळ्यापुढे लोंबणाऱ्या दोन पांढऱ्या पट्ट्या. मी वर सांगितलेल्या बँडशी त्यांची गल्लत करू नये.

शिंप्याच्या नजरेतून सांगायचे तर आपल्याला साधी, खाली उतरणाऱ्या टोकांची कॉलर सर्वांत सोयीची आहे. तिची पाने पुढे मधोमध एकमेकांना भिडतात आणि बँड्सची गळ्याभोवतीची दोरी किंवा पट्टी त्यांच्याखाली पूर्ण झाकली जाते. फाकलेल्या कॉलरीत ती दोन्हीकडून दिसते. बटण-डाउन कॉलर कोर्टात मला रुचत नाही, बँड्सच्या शेजारी ती दोन बटणे उगाच लक्ष वेधतात. दुसरा मार्ग म्हणजे बिनपानाच्या, नुसत्या पट्टीच्या शर्टावर बँड्स जोडलेली सुटी पांढरी कॉलर लावणे. ठाण्याच्या वाचकांनी विचारलेली सुटी कॉलर अशी कोर्टात अजून टिकून आहे, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात अशा चार कॉलरी जवळ असणे चार शर्टांपेक्षा स्वस्त पडते.

प्रश्न : जुन्या शर्टाची कॉलर काढून चायनीज कॉलर करून मिळेल का? वडील म्हणतात, त्यापेक्षा सरळ नेहरू शर्ट घाल. — एक वाचक, बारामती

उत्तर : पान सोडवले आणि पट्टीची वरची कड आत दुमडून टीप मारली की अर्ध्या तासात काम होते. पण जे तयार होते ती खरी चायनीज कॉलर नसते. आपल्या शर्टाच्या पट्टीची टोके एकमेकांवर चढतात आणि तिला बटण असते. चायनीज कॉलरीची टोके गळ्यापुढे नुसती समोरासमोर येतात. बटण उघडे ठेवून, बाह्या दुमडून घालायला ही पट्टी छान दिसते. बंदगळ्याच्या कोटाखाली तर असाच शर्ट हवा, कारण पान असलेली कॉलर आत चुरगळते आणि गळ्यापाशी गोळा होते. पट्टी मऊ असेल तर मात्र हा बदल करू नये. पान गेल्यावर ती लपायला जागा राहत नाही.

वडिलांचे म्हणणेही चुकीचे नाही. इंग्रजी जगात पंडितजींच्या नावाने ओळखली जाते ती अचकनीची उभी कॉलर, आणि आपल्याकडे त्यांच्या नावाचा शर्ट म्हणजे ढगळ, लांब, पांढरा, पान नसलेला सदरा. धोतरावर किंवा पायजम्यावर तो शोभतो. जीन्सवर घालायचा तर मांडीच्या मध्यापर्यंत आखूड करून घ्यावा.

प्रश्न : वर्षभरापूर्वी घेतलेल्या महागड्या शर्टाच्या कॉलरीवर फोडांसारखे फुगवटे आले आहेत. इस्त्रीने जात नाहीत. शर्ट टाकून द्यावा का? — एक वाचक, अमरावती

उत्तर : टाकू नये. पानाच्या आतले अस्तर गोंदाने, उष्णता देऊन कापडाला चिकटवलेले असते. कापड आणि अस्तर धुण्यात कमीजास्त आटले किंवा इस्त्री फार तापली की गोंद जागोजागी सुटतो आणि कापड फुगते. एखादाच लहान फुगवटा असेल तर ओले फडके ठेवून दाब दिल्यावर तो काही धुण्यांपुरता बसतो. अनेक असतील तर पान बदलावे लागेल. नव्या पानात शिंप्याला चिकटवायचे अस्तर न वापरता शिवून बसवायचे अस्तर घालायला सांगावे. ते थोडे कमी गुळगुळीत दिसते, पण फुगत नाही.

शर्टाच्या रंगाचे कापड मिळणार नाही आणि ते शोधण्यात वेळ घालवू नये. निळ्या किंवा रेघांच्या शर्टाला पूर्ण पांढरी कॉलर लावावी, पट्टीसकट. सुट्या कॉलरींच्या काळात रंगीत शर्टावर पांढरी कॉलर सर्रास असे आणि आजही ती दुरुस्ती वाटत नाही. बाह्यांचे कफही पांढरे केले तर अधिक चांगले. कापड आणायला जाताना शर्ट बरोबर न्यावा, कारण पांढऱ्यातही निळसर आणि पिवळसर अशा छटा असतात आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली त्या कळत नाहीत. तागा दाराशी नेऊन उजेडात पाहावा.